झडतीची पिशवी

मी एक पिशवी बोलतेय. पोटात येईल ते घेऊन गप्प राहणं हाच माझ्या जातीचा धर्म. पण फार दिवस गप्प राहिले, आज सांगते. बेळगावहून निपाणीला जाताना तवंदी घाट लागायच्या अलीकडं रस्त्याकडेला एक तपासणीचा तंबू आहे. त्या तंबूच्या बांबूला खिळा ठोकलाय आणि त्या खिळ्याला मी लटकलेली असते. बसमधून उतरलेली माणसं माझ्याकडं बघतात आणि नकळत थोडी बाजूला सरतात. मी कुणाचं काही केलेलं नाही, तरीही सरतात.

माझा जन्म बेळगावातल्या वडगावचा. सुताची गाठोडी ज्या जाड कापडात बांधून येतात, त्या कापडाची मी. मंगलनं मला शिवलं. साड्यांना फॉल लावायच्या मशीनवर एवढं जाड कापड चालेना, सुया मोडल्या, तरी तिनं मला पुरी केली. नवऱ्याच्या हातात देऊन म्हणाली, "घ्या. आता मागाचं सगळं सामान ह्यात घाला. त्या सिमेंटच्या पोत्यातनं नेताय, बरं दिसत न्हाय."

तिचा नवरा परसू. घरच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, आणि गल्लीतल्या कुणाचाही माग अडला की हाक यायची, "परसूअण्णा, बघा की जरा." जे घरी दुरुस्त होत नसे ते तो माझ्यात घालून निपाणीमार्गे इचलकरंजीला न्यायचा. माझ्या पोटात धोटे असायचे. मागाच्या सुतातून इकडून तिकडं पळणारे लाकडी धोटे, दोन्ही टोकांना लोखंडाची चोच. शिवाय स्प्रिंगा, वायरीची वेटोळी, तेलकट चिंध्या. मला तेलाचा वास लागला तो तेव्हाच, अजून गेला नाही.

परसू दिसायला काळासावळा, उंच, डोळे कायम लाल. रात्रपाळीनं माग चालवणाऱ्याचे असतात तसे. आणि छातीवर आलेली दाढी. लग्नाला बरीच वर्षं झाली, घरात मूल नव्हतं. त्यानं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता: बाळ घेऊन डोंगरावर येईन तेव्हाच दाढी उतरवीन. गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. गल्लीच्या बाहेर कुणाला ठाऊक असणार?

मग कुठल्यातरी मोठ्या शहरात गर्दीच्या जागी स्फोट झाला. परसूच्या घरी टीव्ही लावलेला होता. त्या संध्याकाळी दोन्ही माग बंद ठेवून सगळे बघत बसले होते. रस्त्यावर पडलेल्या चपला, फाटलेल्या पिशव्या. माझ्यासारख्याच पिशव्या होत्या त्या. थोड्याच दिवसांत आपल्याकडच्या बसगाड्यांबद्दलही कुठून तरी धमकी आली, आणि घाटाच्या अलीकडं तो तंबू उभा राहिला.

पहिल्यांदा आमची बस थांबवली ती सकाळ मला आठवते. वारा इतका होता की तंबूचं कापड फडाफडा वाजत होतं.

"एल्लारू केळगे इळीरी! सगळ्यांनी खाली उतरा!"

सगळे उतरले. तंबूचे साहेब म्हणजे विक्रम. तरुण, नीटस, आवाज चढवायची गरज न पडणारा. त्यांनी ओळीवरून नुसती नजर फिरवली आणि बोट परसूवर थांबलं. "तू. बॅग आण इकडं."

मला उघडलं. एक पोलीसबाई हात घालून बघत होती, स्वरूपा नावाची. हात हळू होता तिचा. धोटा बाहेर काढून तिनं विचारलं, "हे काय हो?"

"मागाचा धोटा, बाई. आमी वडगावचं."

तिनं धोटा होता तसाच परत ठेवला. बस निघाली, आणि बसमध्ये वाद सुरू झाला. निपाणीचे निवृत्त मास्तर मारुतीराव म्हणाले, "चांगलं करतायत. आपल्याच जिवासाठी आहे ते. सगळ्यांच्या पिशव्या उपसत बसले तर बस संध्याकाळी पोचेल. ज्याचा संशय येतो त्याची बघायची, बास."

भाजीची पाटी घेऊन बसलेली नागुबाई मागून बोलली, "संशय कशानं येतोय ओ सर? तोंडाकडं बघून?"

"अनुभव असतो पोलिसांना."

"मग माझी पाटी का न्हाय बघितली? पालेभाजीखाली मी काय बी ठेवू शकतो की!"

बस हसली. परसूही हसला. मला मांडीवर घेऊन तो म्हणाला, "असू दे गं आक्का. बघू देत. माझ्या पिशवीत लपवायसारखं काय न्हाय. टीव्हीवर बघितलं न्हवं आपण? माणसाच्या जिवापेक्षा पिशवी मोठी हाय व्हय?"

मनापासून म्हणाला तो. मला त्याचा अभिमान वाटला होता.

पण पुढच्या खेपेलाही बोट परसूवरच थांबलं. त्याच्या पुढच्याही. ओळ बदलायची, बस बदलायची, बोट तेच. परसूनं हळूहळू एक सवय लावून घेतली. बस तंबूजवळ आली की तो आधीच माझी चेन उघडून बसायचा. कंडक्टर गमतीनं म्हणायचा, "चला, आमचं व्हीआयपी आलं." आणि मग हसू कमी कमी होत गेलं. ज्याला रोज थांबवतात त्याच्यात काहीतरी असणारच, असं बसला वाटायला लागलं असावं. परसूच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. उभी असलेली माणसंही तिथं बसेनात. ती रिकामी जागा बघून परसू मला तिथं ठेवायचा. दोघं मिळून खिडकीबाहेर बघायचो.

त्याच सुमाराला मंगलला दिवस गेले. घरात आनंद मावेना. सातव्या महिन्यात ती निपाणीला माहेरी गेली.

आणि मग तो दिवस आला.

सकाळीच तिचा फोन आला. "अवो, पोटात कळा यालेत. अजून दिस भरलं न्हाईत. तुमी या."

परसूची आई जयाबाई घाईघाईनं डिंकाचे लाडू डब्यात भरायला लागली. बाळासाठी शिवलेलं मऊ दुपटं तिनं माझ्यात सर्वांत वर ठेवलं. खाली आदल्या दिवशीचं सामान तसंच होतं. चार धोटे, आणि मागाच्या मोटारीचा बिघडलेला स्टार्टर. चौकोनी काळा डबा, त्यातून लाल-पिवळ्या वायरी बाहेर लोंबणाऱ्या. ते काढून ठेवायचं परसूला सुचलं नाही. कुणाला सुचलं असतं?

तंबूशी बस थांबली. त्या दिवशी हवा वेगळी होती. वरून काहीतरी निरोप आला होता, सगळे पोलीस ताठ उभे. "मोबाईल, पाकीट, सगळं बॅगेत टाका. हात मोकळे ठेवा," असा नवा हुकूम. परसूनं फोन आणि आधार कार्डाचं पाकीट माझ्यात टाकलं आणि म्हणाला, "साहेब, जरा लवकर बघा. बायको अडलीया निपाणीला."

विक्रमसाहेबांनी स्वतः माझी चेन ओढली. दुपटं बाजूला सारलं. वायरी दिसल्या.

त्यांचा हात माझ्यातून असा बाहेर आला, जसा विस्तवातून येतो. "मागे! सगळे मागे सरा!"

पळापळ झाली. कुणाची चप्पल तिथंच राहिली, नागुबाईची पाटी कलंडली आणि मेथीच्या जुड्या मातीत गेल्या. परसूला दोघांनी हात पिरगाळून रस्त्यापलीकडं नेलं. आणि मी टेबलावर एकटी राहिले. तंबूचं कापड वाजत होतं. बाकी कुठंही आवाज नव्हता. एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्याकडं बघितलेलं मला माहीत नाही.

लांबून बोलणं ऐकू येत होतं.

"नाव काय तुझं?"

"परसू, साहेब."

"खरं नाव सांग."

"परसूच ओ! परशराम. वडगावचा हाय मी."

"कागद?"

"आधार कार्ड पिशवीत हाय. उघडून बघा की. तुमीच टाकायला सांगितलासा."

पण मला हात कोण लावणार? तो कोण होता ते सांगणारा कागद माझ्या पोटात, आणि तो कोण असेल या भीतीनं मला कुणी उघडेना.

तेवढ्यात माझ्यात फोन वाजला.

घंटा वाजायला लागली तसा सगळा जमाव आणखी मागं गेला. कुणीतरी ओरडलं, "फोननंच उडवतात!" फोन माझ्या अस्तराशी थरथरत होता, पडद्यावर मंगलचं नाव. वाजून थांबला. परत वाजला. परसूचा आवाज फाटला, "ती माझी बायको हाय ओ! एकदा उचलू द्या! लांबूनच बोलतो, एकदा!" त्याला खाली दाबून बसवलं. फोन परत वाजला.

मला हात नाहीत. असते तर मी तो फोन उचलला असता आणि सांगितलं असतं, मंगल, वाट बघू नकोस, जा तू दवाखान्यात.

बेळगावहून खास गाडी यायला दुपार झाली. तोवर फोन वाजायचा थांबला होता, त्याचा जीव संपला होता. अंगभर जाड चिलखत घातलेला एक माणूस पाय मोजत माझ्याजवळ आला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्यानं चिमट्यानं दुपटं उचललं, डबा उघडला. मग धोटे. मग तो स्टार्टर, बराच वेळ फिरवून फिरवून बघितला. शेवटी तोंडावरची काच वर करून तो ओरडला, "लाडू आहेत, साहेब! आणि मोटारीचा स्टार्टर!"

लोक हसले. सुटका झाल्यावर हसतात तसे. परसू हसला नाही, आणि "आमचं चुकलं" असंही त्याला कुणी म्हणालं नाही. फोन आणि पाकीट देऊन त्याला चौकशीला नेलं, संध्याकाळी सोडलं. मला आणि त्या स्टार्टरला मात्र ठेवून घेतलं. चौकशी पुरी व्हायची होती म्हणे.

निपाणीत काय झालं ते मला स्वरूपाच्या बोलण्यातून कळलं. मंगलची म्हातारी आई म्हणत राहिली, "जावई निघाल्यात. येतील एवढ्यात. आलं की गाडी करून जाऊ." तिला फोन करता येत होता, पण काय करायचं ते ठरवता येत नव्हतं. वाट बघण्यात वेळ गेला. शेवटी शेजाऱ्यांनी रिक्षात घालून नेलं. मुलगी झाली, जगली. पण रक्त थांबेना. मंगलला वाचवण्यासाठी डॉक्टरांनी तिची पिशवी काढली.

स्वरूपा हेच शब्द बोलली. "पिशवी काढली तिची." बायका असंच म्हणतात, मला ठाऊक आहे. तरी खिळ्यावर लटकल्या लटकल्या मी आतून आकसले.

दुसऱ्या दिवशी परसूला जबाब द्यायला परत बोलावलं होतं. तो आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. दाढी गुळगुळीत काढलेली. हनुवटीवर ब्लेडचे काप, गालाचा रंग कपाळापेक्षा फिका.

स्वरूपानं हळूच विचारलं, "दादा, नवसाची होती ना ती? तुम्हीच काल चौकशीत सांगत होता."

"व्हय."

"मग?"

"हिकडं परत यायचं हुतं न्हवं," परसू खाली बघत म्हणाला. "डोंगरावर नंतर जाऊ. यल्लम्मा आई समजून घेईल."

मुलीचं तोंड नीट बघायच्या आधी त्यानं दाढी काढली होती. नवस फिटला म्हणून नाही. भीतीनं माणूस स्वतःचा चेहरा असा पुसून टाकू शकतो हे मी तेव्हा बघितलं.

तो गेल्यावर स्वरूपा आणि विक्रमसाहेब यांच्यात जुंपली. साहेब वाईट माणूस नव्हेत. त्या दिवशी जेवले नव्हते ते.

"सर, आपण रोज त्यालाच थांबवत होतो," स्वरूपा म्हणाली. "काय बघून?"

"काय बघून म्हणजे? एक बस तपासायला मला किती वेळ मिळतो? कुणीतरी निवडावंच लागतं. उद्या खरंच काही झालं, तर वरचे मला विचारतील की असला माणूस समोर होता आणि तू सोडलास कसा? तू उत्तर देणार आहेस?"

"असला म्हणजे कसला, सर?"

साहेब टेबलावरचे कागद लावायला लागले.

"मग निवडायचंच तर चेहरा न बघता निवडू," ती म्हणाली. "ओळीतला प्रत्येक पाचवा. कोण का असेना."

"आणि पाचवा कुणा पुढाऱ्याचा मेव्हणा निघाला तर?"

"तर त्याचीही बॅग उघडायची."

साहेब हसले. कडवट हसणं होतं. "नवीन आहेस तू अजून."

परसू मला न्यायला आला नाही, मग माझा उपयोग काढला त्यांनी. सरावासाठी. माझ्यात एक वीट, जुनं घड्याळ आणि वायरीचे तुकडे बांधून घालायचे, कुणीतरी साध्या कपड्यात मला घेऊन ओळीत उभं राहायचं, आणि तंबूवरच्या नव्या लोकांनी मला पकडायचं. मला न्यायला बहुतेकदा मष्णू असायचा, तंबूवरचा शिपाई. काळा, खुरटी दाढी, मान खाली घालून चालणारा. प्रत्येक वेळी पकडला गेला. साहेब खूश व्हायचे. "बघा! नजर तयार होतेय पोरांची."

एकदा मष्णू आजारी पडला म्हणून दिग्विजय नावाच्या अधिकाऱ्यानं मला नेलं. इस्त्रीचा शर्ट, गोरा चेहरा, कानाला फोन. तो ओळीतून चालत गेला, नव्या पोरानं त्याला "या सर" म्हणून वाट करून दिली, आणि तो बसमध्ये जाऊन बसला. माझ्या पोटात वीट आणि घड्याळ तसंच टिकटिकत. खिडकीतून हात हलवून त्यानं सगळ्यांना दाखवलं.

"अरे, तो आपलाच माणूस, म्हणून सोडला," साहेब म्हणाले.

स्वरूपा म्हणाली, "सर, मष्णूपण आपलाच आहे."

मष्णू दुसऱ्या दिवशी कामावर आला, आणि परत मला त्याच्याच हातात दिलं.

गेल्या आठवड्यात निपाणीकडून येणाऱ्या बसमधून परसू उतरला. अंगात नवा पांढरा शर्ट, गाल तुळतुळीत. मागं मंगल, वाळून काडी झालेली, तिच्या कडेवर टकामका बघणारी मुलगी. ओळ पुढं सरकली. कुणी परसूला थांबवलं नाही. त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

मंगलची नजर माझ्यावर पडली. ती थबकली. "अवो, ही आपली पिशवी न्हवं? माझ्या हातची हाय."

स्वरूपानं लगबगीनं मला खिळ्यावरून काढलं. "तुमचीच आहे. घेऊन जावा. मी सांगते साहेबांना."

परसूनं माझ्याकडं बघितलं. क्षणभरच. "न्हाय," तो म्हणाला. "आमची न्हाय ती. तसल्या लई असत्यात."

मंगल काही बोलणार होती, तेवढ्यात ओळीत त्यांच्या पुढं गडबड झाली. साहेबांचं बोट एका पोरावर थांबलं होतं. लांब दाढी, लाल डोळे, खांद्याला काळी बॅग. कामावरून थकून आलेला असावा. "काय हाय ते बघा, साहेब," म्हणत तो बिचारा स्वतःच चेन उघडत होता.

मी परसूकडं बघत होते. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. सगळ्या ओळीत बोलण्याचा हक्क कुणाला असेल तर तो यालाच.

परसूनं मंगलचा दंड धरला आणि तिला मागं ओढलं.

"लांब हो," तो पुटपुटला. "बाळाला घेऊन तसल्याजवळ उभं ऱ्हाऊ नको."

मंगल त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं दंड सोडवून घेतला आणि मुलीला घेऊन एकटीच बसमध्ये चढली.

बस गेली. स्वरूपानं मला परत खिळ्याला अडकवलं. तेव्हापासून मी इथंच आहे. वारा आला की हलते. या रस्त्यानं तुम्ही आलात आणि तुमची पिशवी मागितली, तर जरूर उघडून दाखवा. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी उघडण्यासाठीच शिवलेली आहे. पण तुमची मागितली नाही आणि शेजारच्याची मागितली, तर नुसते पुढं निघून जाऊ नका. तुमचीही टेबलावर ठेवा आणि म्हणा, ही पण बघा. एवढं एक करा माझ्यासाठी.

उद्या पुन्हा सराव आहे. वीट आणि घड्याळ आजच माझ्यात भरून ठेवलंय. मला मष्णूच नेणार आहे. साहेबांनी त्याला बजावून ठेवलंय, उद्यापर्यंत दाढी करू नकोस.